माझं काही नाही

व्हर्ना कॉडिलची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये फक्त प्लायवूडची एक भिंत आहे. पूर्वी ती खडू आणि कागद ठेवायची एकच मोठी खोली होती, नंतर तिचे दोन भाग केले. एका भागात मी शाळेचे संगणक दुरुस्त करत बसतो. दुसऱ्या भागात चिडलेली, रडणारी, वर्गातून बाहेर काढलेली मुलं शांत व्हायला पाठवतात. भिंत इतकी पातळ, की पलीकडे कुणी नाक ओढलं तरी इकडे कळतं. व्हर्नाबद्दल मला जे ठाऊक आहे, त्यातलं निम्मं या भिंतीनं सांगितलेलं.

केंटकीच्या या पूर्व टोकाला, स्टिलहाउस खोऱ्यात, ही एकच शाळा उरली आहे. खाण बंद पडली तशी माणसं गेली, मग नशेच्या गोळ्या आल्या, मग गोळ्यांमागून पोलीस आले. वर्गातल्या निम्म्या मुलांना आणायला दुपारी आजी किंवा आजोबा येतात. आईबापांविषयी कुणी विचारत नाही. मुलं मात्र चिडतात. कुणी पेन्सिल मागितली म्हणून खुर्ची फेकतात, कुणी हसलं म्हणून दात आवळून बसतात.

व्हर्ना आधी शाळेची बस चालवायची. खोऱ्यातलं प्रत्येक वळण आणि प्रत्येक दारातला कुत्रा तिच्या ओळखीचा. गुडघे गेले तेव्हा बस सुटली आणि तिला ही खोली दिली. तिला प्रशिक्षणासाठी लेक्सिंग्टनला पाठवलं होतं. येताना तिनं चमकीचं पाणी भरलेली एक बाटली आणि रंगीत चेहऱ्यांचा एक तक्ता आणला. हिरवा चेहरा म्हणजे मूल ठीक आहे, पिवळा म्हणजे बिथरलंय, लाल म्हणजे भडकलंय. तिनं तक्ता भिंतीवर लावला, बाटली खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी घरून घेवड्याच्या शेंगांची टोपली आणली.

तिची पद्धत एवढीच. मूल आलं की टोपली त्याच्या मांडीवर ठेवायची. शेंगेचं टोक मोडायचं, शीर ओढायची, शेंगेचे तुकडे करायचे. हिवाळ्यात ओल्या शेंगा नसत, तेव्हा वाळलेल्या सोलायच्या.

"मिस व्हर्ना, मी त्याला ठार मारणार आहे."

"मार की. आधी एवढ्या मोड."

"किती?"

"राग संपेपर्यंत. नाहीतर शेंगा संपेपर्यंत. आजवर शेंगा काही संपलेल्या नाहीत."

मग बराच वेळ पलीकडून नुसता कट् कट् असा आवाज येई. तो संथ झाला की व्हर्नाचा प्रश्न येई. नेहमी तोच.

"आता सांग. त्यानं काय केलं ते नको, ते मी त्याला विचारीन. तुझ्याकडून काय झालं?"

आणि मूल सांगे. ओरडून नाही, रडून नाही. ते तिला चालत नसे. "जेवढं झालं तेवढंच सांग. त्याला तिखटमीठ नको लावूस," म्हणायची. शुक्रवारी त्याच शेंगा डुकराच्या मांसाच्या तुकड्यासोबत शिजवून, मक्याच्या पावाबरोबर शिक्षकांच्या खोलीत येत. आम्ही पोटभर खात असू आणि कुणाचा राग जास्त चविष्ट लागतो यावर वाद घालत असू.

टॅन्सी मॅगार्ड त्या खोलीत आली ती सप्टेंबरात. तिसरीत होती. उन्हाळ्यात तिच्या आईला पेट्रोल पंपावर पकडलं, तेव्हा ती गाडीत मागच्या सीटवर होती. तेव्हापासून ती आईच्या आईकडे, ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या ऑर्लेनाकडे राहायची. पहिल्या दिवशी तिला दोन शिक्षकांनी धरून आणलं. त्यांतल्या एकाच्या मनगटावर दात उमटलेले होते. ती टेबलाखाली शिरली आणि जी ओरडायला लागली, ती लाकूड कापायच्या गिरणीसारखी, मध्ये श्वासाचीही जागा न सोडता. मी कानाला हेडफोन लावले, तरी ऐकू येत होतं.

व्हर्ना त्या गुडघ्यांनिशी जमिनीवर बसली. हे मला नंतर कळलं, कारण तिला उठवायला मलाच बोलावलं. टोपली तिनं टेबलाखाली सरकवली. ओरडणं चालूच राहिलं. मग केव्हातरी थांबलं.

"सुई आहे का?" टॅन्सीचा आवाज.

"सुई कशाला गं?"

"या मोडायच्या नसतात. आजी म्हणते, मोडली की त्याच दिवशी खावी लागते. ओवली की हिवाळाभर पुरते."

व्हर्नानं मला हाक मारली. माझ्याकडे सुई कुठली! शेवटी ऑफिसातून जाड दोरा आणि सुई आणली. टॅन्सीनं शेंगांची माळ ओवली. आमच्याकडे अशा माळा चुलीमागे टांगून वाळवतात, वाळल्या की जुन्या चामड्यासारख्या दिसतात. ती माळ व्हर्नानं रंगीत चेहऱ्यांच्या तक्त्यावरून टांगली. लाल चेहरा तिच्यामागे झाकला गेला.

त्यानंतर टॅन्सी रोज येई. आधी धरून आणलेली, मग स्वतःहून चालत, मग दारावर टकटक करून. पानं गळून डोंगर उघडे पडले, तोपर्यंत तिचं ओरडणं थांबलं होतं.

"आज काय झालं?"

"लेसी म्हणाली, तुझी आई तुरुंगात आहे."

"मग?"

"मी म्हटलं, हो, आहे. आणि इकडे आले."

"बस?"

"बस. मला तिचा कान चावावासा वाटत होता. पण नाही चावला."

"शहाणी गं माझी ती," व्हर्ना म्हणाली. तिच्या आवाजातला अभिमान भिंतीतून पाझरत होता. नंतर ती माझ्या दारात आली. "ऐकलंस ना? कान होता समोर, तरी नाही चावला." जणू पोरीनं डोंगर हलवला होता. आणि खरं सांगायचं तर हलवलाच होता.

इथे मला केकची गोष्ट सांगावी लागेल. आम्ही ती हसण्यावारी नेली होती.

आमच्या खोऱ्यात एखाद्या गोष्टीला हो म्हणायचं असलं की 'माझं काही नाही' म्हणतात. 'घरी सोडू का?' 'माझं काही नाही.' म्हणजे सोड, उपकार होतील. हावरटासारखं लगेच हो म्हणणं आमच्या आयांनी आम्हाला शिकवलेलं नाही. माझी काही ना नाही, तुला जमत असेल तर आनंदानं, एवढं सगळं त्यात येतं. पण डोंगर ओलांडला की त्याच शब्दांचा अर्थ उलटा होतो. तिकडच्या माणसाला ते ऐकू येतं ते असं: मला त्यात काही रस नाही, नको.

त्या वर्षी मिशिगनहून एक संगीत शिक्षक आला होता. सणाच्या जेवणाला व्हर्नानंच वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आणला होता. तो चवीला येईतो तीन दिवस झाकून ठेवावा लागतो. शिक्षक बिचारा वाढत होता. "मिस व्हर्ना, तुम्हाला देऊ का एक तुकडा?" व्हर्ना म्हणाली, "माझं काही नाही." तो म्हणाला, "बरं," आणि पुढे गेला. केक संपला. व्हर्ना रिकामी बशी धरून बसून राहिली, स्वतःच केलेल्या केकची वाट बघत. आम्ही सगळे टेबलावर डोकं ठेवून हसलो. महिनाभर कुणी कुणाला काही विचारलं की दुसरा म्हणे, "जपून, केक जाईल."

त्यानंतर थोड्याच दिवसांत टॅन्सीच्या काकानं तिला नेण्यासाठी न्यायालयात अर्ज केला. तो ओहायोत, डेटनला असतो. त्याला वाईट म्हणता येणार नाही. गोदामात पक्की नोकरी, अंगण असलेलं घर, बायको शांत, स्वतःची मुलं नाहीत. भावाची मुलगी आपण वाढवावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. इकडे ऑर्लेनाचं वय झालेलं, छातीत घरघर, पावसात तिच्या घराचा रस्ता वाहून जातो. पण टॅन्सीला काका आठवत होता तो दोनदा भेटलेला, आणि आजी आठवत होती ती रोज सकाळी केसांचा गुंता सोडवणारी.

"मला तिकडे नाही जायचं," टॅन्सी व्हर्नाला म्हणाली. "मला आजीकडेच राहायचंय. पण जज मला विचारणारच नाहीत."

"विचारतील. तुझ्यासाठी एक वकील येणार आहे. ती तुझं ऐकून जजला सांगेल."

"मी काय सांगू तिला?"

"मला सांगतेस तसंच. ओरडायचं नाही, रडायचं नाही. जे आहे ते सरळ."

"आणि नाही ऐकलं तर?"

"शांतपणे बोललेलं सगळे ऐकतात," व्हर्ना म्हणाली.

आमच्या तालुक्यात वकील दोनच आणि दोघेही मॅगार्डांच्या नात्यातले. म्हणून लेक्सिंग्टनहून मेरेडिथ नावाची मुलगी नेमली. मूळची शिकागोची, वकील होऊन फार दिवस झाले नव्हते. बारीक, लांब कोट घातलेली. आल्या आल्या तिनं बुटांचा चिखल दाराबाहेर काढला, हे व्हर्नाला फार आवडलं. ती म्हणाली, "टॅन्सीला जिथे बरं वाटतं तिथेच बोलेन." म्हणून व्हर्नानं तिला स्वतःची खोली दिली आणि स्वतः माझ्याकडे येऊन बसली.

"तुझा तो पंखा लाव," मला म्हणाली. "आपण ऐकू नये."

मी पंखा लावला. तरी ऐकू येतच होतं. मेरेडिथ चांगली बोलत होती. घाई नाही, लाडीगोडी नाही. शाळा कशी वाटते, आजी काय खायला करते, रात्री भीती वाटते का, सगळं विचारलं. टॅन्सी एकेका वाक्यात उत्तरं देत होती. मधूनच शेंग सोलल्याचा आवाज. मग मेरेडिथ म्हणाली, "टॅन्सी, आता एकच महत्त्वाचं विचारते. तू मोठी होईपर्यंत आजीकडे राहशील का?"

व्हर्नानं माझा दंड धरला.

पलीकडे एक शेंग सोलली गेली. मग टॅन्सीचा आवाज आला, व्हर्नानं शिकवला होता तसाच, सरळ आणि न कापणारा.

"माझं काही नाही."

व्हर्नानं डोळे मिटले. मग उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. मीही हसलो. तिनं दोन्ही हात छातीवर ठेवले. "बोलली गं बाई," ती कुजबुजली. "एक टिपूस न काढता बोलली."

मेरेडिथ बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा जरा उतरलेला होता. आम्हाला वाटलं, थकली असेल. ती व्हर्नाला म्हणाली, "न्यायालयात ऑर्लेनाबाईंविषयी बोलायला तुम्ही याल का? अवघड वाटत असेल तर माझा आग्रह नाही."

"माझं काही नाही," व्हर्ना म्हणाली.

"मी समजू शकते," मेरेडिथ म्हणाली आणि तिनं व्हर्नाच्या हातावर हलकेच थोपटलं.

"गुणी आहे पोर," ती गेल्यावर व्हर्ना म्हणाली.

मग व्हर्नानं निळा झगा इस्त्री करून कपाटाच्या दाराला अडकवून ठेवला. न्यायालयातून बोलावणं येईल म्हणून फोन जवळ घेऊन बसायची. बोलावणं आलं नाही. "गरज पडली नसेल," ती म्हणाली. "पोरीनंच सांगितलंय म्हटल्यावर माझं काय काम?"

निकालाच्या दिवशी न्यायालयात काय झालं ते मला नंतर कळलं. तिथे काम करणारा एक जण माझ्या वर्गातला आहे. मेरेडिथ उभी राहिली आणि तिच्या कामाच्या भाषेत म्हणाली, की मुलीनं शांतपणे आणि कोणत्याही दबावाविना सांगितलं आहे, आजीकडे राहण्याची तिची इच्छा नाही. जज याच खोऱ्यातला. त्याच्या आईनं त्याला तेच शिकवलं होतं जे आमच्या आयांनी आम्हाला. टॅन्सीचे शब्द त्याच्या कानावर पडले असते तर त्याला ते लगेच कळले असते. पण शब्द त्याच्यापर्यंत गेलेच नाहीत. गेला तो त्यांचा अर्थ.

त्यानं चष्म्यावरून ऑर्लेनाकडे पाहिलं. "ऑर्लेना, तुला काही म्हणायचंय?"

ऑर्लेना खुर्चीच्या पाठीला धरून उठली. ती ताठ बाई. नवरा खाणीत दगावला तेव्हाही तिनं चारचौघांत रुमाल डोळ्याला लावला नव्हता. म्हणाली, "पोरीला नसेल राहायचं तर मी धरून ठेवायची नाही." आणि बसली.

शुक्रवारी टॅन्सी आपल्या वस्तू न्यायला शाळेत आली. व्हर्नाच्या खोलीत येऊन नेहमीच्या खुर्चीवर बसली. निकाल कळल्यापासून व्हर्ना जजला शिव्या घालत होती. त्यालाही लहानपणी तिनंच बसमधून शाळेत नेलं होतं, हे ती प्रत्येकाला सांगत होती.

"आजी म्हणाली, जा," टॅन्सी म्हणाली.

"तिला म्हणावंच लागलं असेल गं."

"नाही. जजनं तिला विचारलं होतं. काकानं सांगितलं मला. ती म्हणाली, मी धरून ठेवणार नाही."

व्हर्नानं आपली खुर्ची जवळ ओढली. "रडायचंय का तुला?"

"नको. मी ठीक आहे."

टॅन्सीनं तक्त्यावरची माळ एकदा बोटानं हलवली. वाळून सुरकुतलेल्या शेंगा एकमेकींवर खुळखुळल्या. "ही घेऊन जा," व्हर्ना म्हणाली. टॅन्सी म्हणाली, "तिकडे चूल नाहीये." आणि दप्तर घेऊन गेली. व्हर्ना माझ्या दारात आली, बराच वेळ उभी राहिली. "बघितलंस? आवाजसुद्धा चढला नाही तिचा," म्हणाली. तेव्हाही तिला त्याचा थोडा अभिमान वाटत होता.

त्यानंतर एका आठवड्यानं मेरेडिथ आली. मुद्दाम आभार मानायला म्हणून. हातात फुलझाडाची कुंडी होती.

"इतकं स्वतःला सावरून बोलणारं मूल मी पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. "हे तुमचं काम आहे."

"काय उपयोग झाला? तुम्ही सांगितलंत ना त्या गाढवाला, पोरीला काय हवंय ते?"

"सांगितलं की. म्हणून तर..." मेरेडिथ थांबली. "मिस व्हर्ना, तिलाच राहायचं नव्हतं. मी सरळ विचारलं. ती म्हणाली, माझं काही नाही. मलाही वाईट वाटलं. आणि तुम्हीही यायला नको म्हणालात, तेव्हा मला वाटलं, तुम्हाला काहीतरी ठाऊक असेल त्या घराबद्दल, पण बोलवत नसेल."

भिंतीच्या अलीकडे मी उठून उभा राहिलो होतो.

"पोरी," व्हर्ना अगदी हळू म्हणाली. "केक."

"काय?"

मग व्हर्नानं तिला केकची गोष्ट सांगितली. त्याच गोष्टीवर आम्ही टेबलावर डोकं ठेवून हसलो होतो. ती संपायच्या आधीच मेरेडिथच्या घशातून आवाज आला. ती रडायला लागली, तोंडावर हात दाबून, चांगल्या घरातली माणसं रडतात तशी. मग टोपली सरकल्याचा आवाज आला. व्हर्नानं सवयीनं ती तिच्या मांडीवर ठेवली होती. काही वेळानं कट्. मग पुन्हा कट्.

"तुझा दोष नाही," व्हर्ना म्हणाली. "मीच तिला गप्प केलं."

"तुम्ही? तुम्ही तर..."

"सप्टेंबरात तू तिला हेच विचारलं असतंस ना, तर टेबलाखाली शिरून असं काही ओरडली असती, की शिकागोपर्यंत कळलं असतं, पोरीला कुठे राहायचंय ते."

मेरेडिथनं हात टेकले नाहीत. नवा अर्ज केला, पुन्हा पुन्हा येऊन गेली, पोरीच्या काकालाही सगळं सांगितलं. काका म्हणाला, "आता तिची शाळा बसलीय, मैत्रीण झालीय. मी अडवणार नाही, पण पुन्हा उपटून न्यायची असेल तर तिच्या तोंडून ऐकू दे."

ऑर्लेनाला सांगायला व्हर्ना स्वतः गेली. मी तिला गाडीतून सोडलं, रस्ता नव्हता तिथून चालत गेलो. ऑर्लेना चुलीपाशी बसली होती. तिच्यामागे माळा टांगलेल्या होत्या, आखूड दोऱ्याच्या खाली आणि लांब दोऱ्याच्या वर. खालच्या टॅन्सीच्या, तिचा हात पोचेल तिथे. व्हर्नानं सांगितलं. ऑर्लेनानं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे ती हो म्हणाली होती?"

"हो."

"आणि मी तिला जा म्हणाले."

"तुला काय ठाऊक, ऑर्लेना."

"मी तिला विचारायला हवं होतं. घरात होती माझ्या. स्वयंपाक करत होती माझ्याबरोबर." तिनं चुलीत लाकूड सारलं. "मला वाटलं, विचारलं तर लाज वाटेल पोरीला. हिला म्हातारी नकोशी झाली, ते माझ्या तोंडावर कसं सांगेल बिचारी?"

फोन केले. टॅन्सी फोनवर येत नसे. आली तर हो, नाही, बरी आहे. तिला सगळं समजावून सांगितलं होतं. काकीनं सांगितलं, मेरेडिथनंही सांगितलं. पण आजी म्हणाली जा, हे तिनं आधी ऐकलं होतं आणि हिवाळाभर ते तिच्याजवळच होतं.

वसंतात ओहायोतल्या एका अधिकारी बाईंनी टॅन्सीशी संगणकाच्या पडद्यावरून बोलायचं ठरवलं. इकडच्यांनीही हजर राहावं म्हणाल्या. पडदा मीच लावला, व्हर्नाच्या खोलीत, तक्त्यासमोर. ऑर्लेना चर्चचे कपडे घालून आली होती. मेरेडिथ मागे उभी. व्हर्नानं इस्त्री केलेला निळा झगा घातला होता.

टॅन्सी दिसली. केस कापले होते, त्यामुळे गुंता व्हायचा प्रश्नच नव्हता. मागे पिवळ्या रंगाची भिंत, तिच्यावर एका मांजराचं चित्र. तिनं आम्हाला हात केला.

"केस छान दिसतायत," ऑर्लेना म्हणाली. तिला एवढंच म्हणता आलं.

अधिकारी बाई चांगल्या होत्या. शाळेविषयी, मैत्रिणीविषयी विचारलं. टॅन्सी नीट उत्तरं देत होती. तिच्या बोलण्यातला आमचा हेल गेला होता, निदान बराचसा. मग बाई म्हणाल्या, "टॅन्सी, परत आजीकडे जाऊन राहावंसं वाटतं का?"

टॅन्सीनं पडद्यातून आमच्याकडे पाहिलं. कुणाकडे ते कळत नव्हतं, पडद्यातून कळत नाही.

"माझं काही नाही," ती म्हणाली.

मेरेडिथ झटकन व्हर्नाकडे वळली. "म्हणजे हो ना? मिस व्हर्ना, हे हो आहे ना? सांगा त्यांना."

सगळे व्हर्नाकडे बघत होते. ऑर्लेनाही. मीही ऐकलं होतं आणि मीही इथलाच आहे, पण मला काही कळलं नव्हतं. आवाज सरळ होता. त्यात इथलंही काही नव्हतं आणि तिथलंही.

"टॅन्सी," व्हर्ना म्हणाली, "कुठलं माझं काही नाही गं? आजीकडचं, की डेटनचं?"

टॅन्सीनं विचार केला. खरंच केला, ते दिसत होतं. व्हर्नानं शिकवला होता तसा, मांडीवर हात ठेवून, आधी श्वास घेऊन.

"मला नाही माहीत," ती म्हणाली.

"रडायचंय का तुला, बाळा? रड. ओरड हवं तर. आम्ही ऐकतोय."

"नको. मी ठीक आहे, मिस व्हर्ना."

ऑर्लेनानं पर्समधून एक माळ काढली होती. ती पडद्यासमोर धरावी की नाही हे तिला ठरवता येईना, म्हणून ती तिच्या मांडीवरच राहिली. "मिस व्हर्ना," मेरेडिथ पुन्हा म्हणाली, आता अगदी हळू, "हो म्हणून सांगा ना." व्हर्नानं तोंड उघडलं. खोटं बोलली असती तर चाललं असतं, असं मला अजूनही वाटतं.

"मला कळलं नाही," व्हर्ना म्हणाली.

अधिकारी बाईंनी मान हलवली. "मूल खूप शांत आहे," त्या म्हणाल्या. "स्थिरावलंय. पुन्हा हलवणं बरं नाही." टॅन्सीला काकीनं जेवायला बोलावलं. तिनं हात केला आणि पडदा काळा झाला. त्यात आम्ही चौघं दिसत होतो.

व्हर्ना दुसऱ्या दिवशी कामावर आली. टोपली आणली होती, पण ती दाराशीच ठेवलेली दिसली. दुपारी दुसरीतल्या एका मुलीला आणलं. तिच्या वडिलांना आदल्या दिवशी पोलिसांनी नेलं होतं. तिचं ओरडणं ऐकून वर्गांतून मुलं डोकावायला लागली. मी टोपली सरकल्याच्या आवाजाची वाट बघत होतो. तो आला नाही. मुलगी ओरडत राहिली आणि तिच्या ओरडण्यात मधूनच व्हर्नाचा आवाज येत होता, बसच्या मागच्या सीटपर्यंत पोचेल असा. "अजून. काय हवंय तुला? जोरात सांग. अजून जोरात."

शेजारच्या वर्गातल्या फ्युगेटबाई आल्या. त्यांचा जन्म याच खोऱ्यातला. त्यांनी दार ठोठावलं. "व्हर्ना, आमची परीक्षा चाललीय गं. करशील का तिला जरा शांत?"

"माझं काही नाही," व्हर्ना म्हणाली.

"देव भलं करो तुझं," म्हणून फ्युगेटबाई निघून गेल्या. मी ऐकत राहिलो. शेंग मोडल्याचा आवाज काही आला नाही. मुलगी ओरडतच होती.